साखरेचा माग



आमची सणसवाडी शिरूर तालुक्यात, पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर आहे. पुण्यापासून अंतर तीसेक किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना आता कारखान्यांच्या शेड उभ्या आहेत आणि त्यांच्या मागे अजूनही ऊस, ज्वारी, कांदा दिसतो. या गावात मी पुष्कळ वर्षे शाळेत शास्त्र हा विषय शिकवला. शिक्षक निवृत्त झाला तरी गाव त्याला निवृत्त होऊ देत नाही. कोणाला सरकारी कागद समजत नाही, कोणाला औषधाची चिठ्ठी लागत नाही, की माणसे येतात आणि ओट्यावर बसतात.

अशाच एका संध्याकाळी आमच्या काकू आल्या. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ अण्णा, घशाच्या कर्करोगाने आजारी होता. उमर पन्नाशीच्या पुढे, तंबाखू तीस वर्षांची. मानेतही गाठ आली होती. किरणांचा शेक आणि किमो, दोन्ही उपचार एकदम देऊन झाले होते. काकू म्हणाल्या, “तात्या, अण्णाला आता पोटाच्या तपासणीला न्यायचं म्हणत्यात. गाठ मानंत, आन् तपासणी पोटाची? हे कसलं डाक्टर म्हनायचं?”

मी चिठ्ठी पाहिली. तीवर ‘पेट’ असे लिहिले होते. हिंदीत पेट म्हणजे पोट, तेव्हा काकूंची काही चूक नव्हती. पण हा ‘पेट’ पोटाचा नव्हे. ‘पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी’ या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन तो शब्द बनला आहे. आता ही तपासणी तालुक्या-तालुक्यांतील रुग्णांच्या वाट्याला येते आहे. म्हणून ती काय आहे, तिच्यापासून काय कळते, आणि मुख्य म्हणजे काय कळत नाही, हे आज आपल्याला सांगावे असे मनात आहे. हे न कळल्यामुळे आमच्या घरात जमीन विकायची वेळ आली होती. ती हकीकत ओघात येईलच.

प्रथम एक साधा प्रश्न विचारतो. सणसवाडीच्या रस्त्यावरून जाताना कारखान्यांच्या शेड दिसतात. पत्रा तोच, भिंत तीच, फाटकही तसेच. त्यांतला कोणता कारखाना जोरात चालू आहे आणि कोणता बंद पडला आहे, हे बाहेरून नुसते पाहून सांगता येईल का? नाही सांगता येणार. पण विजेचा मीटर पाहा. ज्याचा मीटर भराभर पळतो आहे, तिथे यंत्रे चालू आहेत. मीटर थंड, तर काम थंड.

शरीराचेही असेच आहे. १८९५ साली रंटगेन या जर्मन शास्त्रज्ञाला क्ष-किरणांचा शोध लागला आणि आतली हाडे बाहेरून दिसू लागली. पुढे सीटी स्कॅन आला. त्यात शरीराचे काकडीच्या चकत्यांसारखे आडवे छेद पडद्यावर दिसतात. परंतु ही चित्रे शेडच्या फोटोसारखी आहेत. गाठ कुठे आहे, केवढी आहे, हे ती सांगतात. ती गाठ जिवंत आहे की उपचाराने मरून नुसता व्रण उरला आहे, हे त्यांवरून नेहमीच ओळखता येत नाही. पेट तपासणी मीटर पाहते. ती विचारते, ‘गाठ खाते किती?’

आणि खाते काय, तर साखर. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीला ग्लुकोज नावाची साखर लागते. ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात दाखवून दिले, की कर्करोगाच्या पेशी ही साखर फार मोठ्या प्रमाणावर आणि वेगळ्या रीतीने वापरतात. त्या अधाशी असतात म्हणा ना. तेव्हा शरीरात साखर कुठे कुठे ओढली जाते याचा माग काढता आला, तर अधाशी पेशींची वस्ती सापडेल.

पण साखरेचा माग काढायचा कसा? इथे आपल्या शेतकरी बंधूंना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. माग काढण्याची ही युक्ती प्रथम माणसावर नव्हे, एका रोपावर वापरली गेली. जॉर्ज द हेवेशी या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने १९२३ साली शेंगवर्गातील बाकल्याची रोपे घेतली. शिशाच्या द्रावणात त्यांची मुळे ठेवली. ते शिसे साधे नव्हते, किरण सोडणारे होते. मग रोपाच्या मुळात किती, खोडात किती, पानात किती शिसे चढले, हे त्याने किरण मोजून काढले. रोप ते शिसे इतर शिशासारखेच घेते. त्याला काही फरक कळत नाही. आपल्याला मात्र त्याचा माग लागतो. कळपातल्या एका शेळीच्या गळ्यात घुंगरू बांधावे, म्हणजे डोंगराआड गेला तरी कळप कुठे आहे ते कळते, तशीच ही युक्ती. या कामाबद्दल हेवेशीला १९४३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेट तपासणीत हे घुंगरू साखरेच्या गळ्यात बांधतात. ग्लुकोजच्या रेणूतील एक लहानसा भाग काढून त्या जागी किरणोत्सर्गी फ्लोरिनचा अणू बसवतात. या साखरेला थोडक्यात ‘एफडीजी’ म्हणतात. पेशी तिला साखर समजून आत घेते, तिच्यावर पहिली प्रक्रियाही करते. पण पुढची प्रक्रिया काही तिला जमत नाही. उसाची गाडी कारखान्याच्या फाटकातून आत आली, काट्यावर वजन झाले, पण मोळी गव्हाणीत पडेना आणि गाडी बाहेरही निघेना, असे झाले तर आवारात गाड्यांची रांग लागेल. तशी ही साखर पेशीत अडकून पडते. जिथे भूक अधिक, तिथे अडकलेल्या गाड्या अधिक.

ही साखर माणसाला पहिल्यांदा १९७६ साली अमेरिकेत दिली गेली. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ती तयार झाली, लहान विमानाने फिलाडेल्फियाला नेली आणि तिथे माणसाच्या मेंदूचे चित्र काढले. एवढी घाई, की विमान लागावे? लागले, कारण हा फ्लोरिन फार अल्पायुषी आहे. सुमारे ११० मिनिटांत तो निम्मा होतो. पुढच्या ११० मिनिटांत उरलेल्याचा निम्मा.

शिक्षक बंधू-भगिनींना हे वर्गात सहज दाखवता येईल. चौसष्ट चिंचोके घ्या आणि प्रत्येकाची एक बाजू दगडावर घासून पांढरी करा. सगळे एकदम टाका. पांढरी बाजू वर आलेले बाजूला काढा. उरलेले पुन्हा टाका. साधारण बत्तीस उरतील, मग सोळा, मग आठ. कोणता चिंचोका केव्हा जाईल हे कोणालाच सांगता येत नाही, पण दर फेरीला निम्मे जातात हे ठरलेले. एक फेरी म्हणजे ११० मिनिटे धरा. सहा फेऱ्यांनी, म्हणजे अकरा तासांनी, चौसष्टांतला एखादाच शिल्लक राहील. चोवीस तासांत तेरा फेऱ्या होतात. तेरा वेळा निम्मे करीत गेलात तर आठ हजारांत एक भाग उरतो. मुलांना घातांकाचे गणितही यातून शिकवून होईल.

म्हणूनच ही साखर साठवून ठेवता येत नाही. सकाळी करायची आणि त्याच दिवशी वापरायची. ती करण्यासाठी सायक्लोट्रॉन नावाचे यंत्र लागते. हायड्रोजनच्या अणूचा गाभा प्रचंड वेगाने फिरवून, जड ऑक्सिजन असलेल्या पाण्यावर आदळला, की तिथे हा फ्लोरिन तयार होतो. आणि गंमत अशी, की आपले किरण सोडून झाल्यावर तो पुन्हा तसाच जड ऑक्सिजन होतो. ज्या रुग्णालयापाशी स्वतःचे सायक्लोट्रॉन नसते, तिथे ही साखर शिशाच्या जाड डब्यात घालून गाडीने आणतात. वाटेत ३ तास ४० मिनिटे गेली तर पाव हिस्साच हाती लागतो. म्हणून निघतानाच चौपट भरून घ्यावी लागते. आपल्याला दिलेली वेळ चुकवू नये, ती यासाठी. उशिरा गेलात तर आपल्या नावची साखर डब्यातच विरून जाते.

आपल्या देशात हे काम प्रथम मुंबईत सुरू झाले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. तुर्भ्याला १९५६ साली ‘अप्सरा’ ही अणुभट्टी चालू झाली. अणूचा उपयोग रोग्यांसाठी व्हावा या हेतूने १९६३ साली परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले. ते आज भाभा अणुसंशोधन केंद्राचा भाग आहे आणि टाटा स्मारक रुग्णालयाच्या शेजारीच आहे. याच केंद्रात २००२ साली देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट यंत्र रुग्णांच्या सेवेत आले.

आता ही अडकलेली साखर बाहेरून दिसते कशी, ते पाहू. तो फ्लोरिनचा अणू पॉझिट्रॉन नावाचा कण बाहेर टाकतो. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जुळा भाऊ, फक्त विद्युतभार उलटा. असा कण असला पाहिजे हे डिरॅक या शास्त्रज्ञाच्या १९२८ सालच्या गणितातून निघाले आणि १९३२ साली अँडरसनला तो प्रत्यक्ष आढळला. हा पॉझिट्रॉन बाहेर पडताच जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो. दोघेही नाहीसे होतात आणि त्या जागेवरून दोन गॅमा किरण अगदी विरुद्ध दिशांना सुटतात.

वारीतले रिंगण आपण पाहिले असेल. माणसे गोलाकार उभी आहेत. मध्ये दाट धुके आहे, असे समजा. धुक्यात उभा राहून कोणीतरी दोन्ही हातांनी एकाच क्षणी विरुद्ध दिशांना दोन चेंडू फेकले. रिंगणातल्या दोन माणसांना ते एकाच वेळी लागले. त्या दोघांनी आपल्यामध्ये दोरी ताणून धरली, तर फेकणारा त्या दोरीवरच कुठेतरी उभा असणार. असे पुन्हा पुन्हा झाले, दोऱ्यांवर दोऱ्या पडल्या, की त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे फेकणारा सापडला. पेट यंत्रात किरण टिपणाऱ्या स्फटिकांचे असेच रिंगण असते आणि रुग्ण मध्ये निजलेला असतो. ‘एकाच वेळी’ म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावी अशी वेळ. लाखो दोऱ्या जुळवून संगणक चित्र तयार करतो. २००० सालाच्या सुमारास टाउनसेंड आणि नट या दोघांनी पेट आणि सीटी ही दोन्ही यंत्रे एकत्र जोडली. तेव्हापासून शेडचा फोटो आणि मीटर दोन्ही एकदम मिळू लागले.

अण्णाची तपासणी अशी झाली. शेक संपल्यावर डॉक्टरांनी लगेच पाठवले नाही, बारा आठवडे थांबवले. शेताचा बांध जाळल्यावर विस्तव काही काळ धुमसत राहतो. तसा शेक दिलेला भागही काही आठवडे सुजलेला असतो आणि साखर ओढतो. तो शांत होऊ द्यावा लागतो. तपासणीच्या दिवशी सहा तास उपाशी राहायला सांगितले, साधे पाणी चालले. बोट टोचून रक्तातली साखर पाहिली. मग हाताच्या शिरेतून औषध दिले आणि तासभर एका खोलीत गप्प बसवले. बोलायचे नाही, चघळायचे नाही, चालायचे नाही. कारण जो स्नायू काम करील तो साखर खाईल आणि चित्रात उगाच उजळेल. नंतर यंत्रात अर्धा तास निजणे. दुखणे काही नाही.

आणि मग अहवाल हातात आला. अण्णाचा थोरला मुलगा कारखान्यात नोकरीला आहे, त्याला इंग्रजी वाचता येते. डॉक्टरांची भेट दोन दिवसांनी होती, पण पाकीट कोणाच्याने थांबवते? त्याने पाकीट वाटेतच फोडले. चित्रात डोके झगझगीत, छातीत एक ठिपका झगझगीत, खाली मूत्राशय झगझगीत. कागदावर ‘छातीतील ग्रंथीत साखरेचे वाढलेले शोषण’ अशा अर्थाचे वाक्य. पोरगा घरी आला तो भिंतीला टेकूनच बसला. “सगळीकडं पसरलंय,” एवढेच बोलला.

त्या रात्री घरात चूल पेटली नाही. वहिनी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “भावजी, रस्त्याकडची वीस गुंठे काढायची म्हणते. गिऱ्हाईक सकाळी बोलावलंय. हे राहिले तर जमीन. मोठ्या दवाखान्यात नेऊ, परदेशातलं औषध आणू.” अण्णा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजला होता. तो जागा होता आणि सगळे ऐकत होता.

श्रोतेहो, मी काही डॉक्टर नाही. परंतु जे थोडे वाचले होते त्यावरून वहिनींना म्हणालो, “वहिनी, दोन दिवस काहीही विकू नका. हा दिवा लागलाय, पण दिवा कोणी लावला ते अजून कळलेलं नाही.” माझ्या बोलण्याने नव्हे, गिऱ्हाइकाला दुसरे काम निघाले म्हणून असेल, पण तो व्यवहार थांबला.

डॉक्टरांनी अहवाल वाचला तेव्हा त्यात दोन गोष्टी निघाल्या. डोके आणि मूत्राशय तर प्रत्येकाचेच उजळते. मेंदू हा साखरेवरच चालतो आणि उरलेले औषध लघवीवाटे बाहेर पडते. त्यात रोग काही नाही. उरली मान आणि उरली छाती.

मानेची बातमी चांगली होती, पण ती कोणी वाचलीच नव्हती. मानेत गाठीचा थोडा अवशेष सीटीत दिसत होता, मात्र तो साखर खात नव्हता. मीटर थंड होता. पूर्वी अशा अनेक रुग्णांच्या मानेवर शेकानंतर ठरवून शस्त्रक्रिया करीत, न जाणो आत काही जिवंत राहिले असेल म्हणून. ती करणे खरोखर जरूर आहे का, हे ब्रिटनमधील डॉक्टरांनी ५६४ रुग्णांवर पडताळून पाहिले. निम्म्यांची ठरवून शस्त्रक्रिया, निम्म्यांची बारा आठवड्यांनी पेट तपासणी आणि गरज दिसली तरच शस्त्रक्रिया. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पहिल्या गटात २२१ शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्या गटात अवघ्या ५४. आणि दोन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे, शेकडा ८२ आणि ८५च्या दरम्यान. म्हणजे दीडशेहून अधिक माणसांची मान चिरायची वाचली आणि त्यांचे नुकसान काही झाले नाही. अण्णाचीही मान वाचली, ती अशा संशोधनामुळे.

त्याच वर्षी हॉजकिनचा लिंफोमा या ग्रंथींच्या कर्करोगाबद्दल असेच एक मोठे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात बाराशेवर रुग्ण होते. औषधांच्या पहिल्या दोन फेऱ्यांनंतर पेट तपासणी केली. ज्यांच्या गाठी शांत झाल्या होत्या, त्यांच्यापैकी निम्म्यांचे ब्लिओमायसिन हे औषध पुढे बंद केले. हे औषध फुफ्फुसांना इजा करू शकते. तीन वर्षांनी पाहिले तर आजार पुन्हा न वाढलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत शेकडा ८५च्या आसपास. औषध वगळूनही फारसा तोटा झाला नाही आणि फुफ्फुसांवरचा भार कमी झाला. वैद्यकातले संशोधन म्हटले की आपल्याला नवे औषध, नवे यंत्र आठवते. पण काय दिले नाही तरी चालते, हे शोधणे हेही तितकेच मोठे संशोधन आहे.

मात्र इथे एक इशारा दिला पाहिजे. यावरून ‘मानेची शस्त्रक्रिया नकोच’ असा अर्थ कोणी काढू नये. वरचा निष्कर्ष मुख्यतः घशाच्या आणि शेक-किमो घेतलेल्या रुग्णांचा आहे. आपल्याकडे तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग वेगळा. त्याबद्दल टाटा स्मारक रुग्णालयाचे संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले, ते उलट बाजूचे आहे. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला, मानेत गाठ लागत नाही, तरीही तोंडाबरोबरच मानेतील ग्रंथी काढल्या, तर तीन वर्षांनी शेकडा ८० रुग्ण जिवंत होते. मानेची शस्त्रक्रिया पुढे गाठ दिसेपर्यंत लांबवली, त्या गटात शेकडा ६७ ते ६८. म्हणून शेजाऱ्याची शस्त्रक्रिया टळली, मग माझीही टाळा, असा हट्ट धरू नये. रोगाचे नाव सारखे असले तरी रोग सारखा नसतो.

आता छातीतला तो उजळ ठिपका. हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून जरा लक्ष द्यावे.

साखर फक्त कर्करोगच खात नाही. शरीरात जंतू शिरले की त्यांच्याशी लढायला पांढऱ्या पेशी जमा होतात. लढणाऱ्यालाही शिधा लागतो. त्या पेशीही साखर ओढतात, आणि यंत्राला लुटारू व शिपाई यांतला फरक कळत नाही. दोघांच्याही शेकोट्या दुरून सारख्याच दिसतात. आपल्या देशात तर क्षयरोग अजून पुष्कळ आहे. क्षयाच्या गाठी पेटमध्ये कर्करोगासारख्याच उजळू शकतात. परदेशात लिहिलेला नियम इथे जसाच्या तसा लावता येत नाही, तो यामुळे.

डॉक्टरांनी अण्णाला सांगितले, “चित्रावरून काही ठरवायचं नाही. त्या ग्रंथीचा नमुना घेऊ.” श्वासनलिकेत दुर्बीण घालून बारीक सुईने नमुना काढला. तपासणीत क्षय निघाला. कर्करोग नव्हे, क्षय. सहा महिने गोळ्या, त्याही सरकारी दवाखान्यातून मोफत.

वहिनींनी पुन्हा पुन्हा विचारले, “नक्की टीबीच ना?” क्षय झाला म्हणून कोणाच्या घरात आनंद झालेला मी जन्मात तेवढ्या एकाच वेळी पाहिला. अण्णाने मात्र मुलाला जवळ बोलावले आणि म्हणाला, “पाकीट फोडायचं आता डाक्टरच्या पुढ्यात. माझे दोन दिवस तू घालवलेस की रे.”

अण्णाने गोळ्या नेमाने पुऱ्या केल्या. वीस गुंठे आहेत तिथेच आहेत. तंबाखूची पिशवी घरातून गेली. कर्करोगासाठी तो ठरलेल्या वेळी दाखवून येतो. पुढे काय होईल हे आज कोणी सांगू नये, पण आजचा दिवस त्याचा आहे.

क्षयाबद्दल आणखी एक गोष्ट संशोधनातून पुढे आली आहे. दक्षिण आफ्रिकेत क्षयाच्या रुग्णांची उपचारापूर्वी आणि उपचारानंतर पेट तपासणी करून पाहिली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले, की औषधे पूर्ण होऊन बऱ्या झालेल्या पुष्कळ जणांच्या फुफ्फुसात काही भाग तरीही उजळतच होते. रुग्ण बरा, पण दिवा चालू. याचा पुरा अर्थ लावण्याचे काम अजून चालू आहे. आपण मात्र यातून एवढे घ्यावे, की उजळणे म्हणजे निकाल नव्हे, तो एक प्रश्न आहे.

उलटही घडते. काही कर्करोग साखरेचे फारसे भुकेले नसतात, त्यामुळे ते असूनही चित्र काळोखे राहते. त्यांच्यासाठी दुसरे घुंगरू लागते. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगासाठी आणि आतड्यांत किंवा स्वादुपिंडात होणाऱ्या काही विशिष्ट गाठींसाठी गॅलियम धातूचे किरणोत्सर्गी रूप वेगळ्या वाहकावर बसवून देतात. त्याच जातीच्या वाहकावर गॅलियमऐवजी ल्युटेशियम बसवले, तर ते नुसते दाखवत नाही, गाठीवर मारा करते. हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत तयार केलेले आहे, आणि परळच्या केंद्राने त्या उपचारात पुष्कळ काम केले आहे.

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो.

पेट तपासणी स्वतः होऊन मागू नये. ती महाग आहे आणि तिच्यात थोडा किरणोत्सर्ग अंगावर येतो. डॉक्टरांना ज्या प्रश्नाचे उत्तर हवे, त्या प्रश्नासाठीच ती करायची. ‘हिच्यामुळे माझ्या उपचारात काय फरक पडेल?’ हे त्यांना नम्रपणे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

मधुमेह असेल तर तो आधी सांगावा. औषध-इन्सुलिन केव्हा घ्यायचे, हे तेच सांगतील. दिलेल्या साखरेने मधुमेह वाढेल ही भीती नको. ती चिमूटभरसुद्धा नसते. गरोदर असल्यास, दिवस गेल्याची शंका असल्यास किंवा अंगावर पाजत असल्यास ते न लाजता आधी सांगावे. पूर्वी क्षय झाला असेल, घरात कोणाला असेल, नुकता ताप किंवा जखम झाली असेल, नुकतीच लस घेतली असेल, तर तेही सांगावे. यातली प्रत्येक गोष्ट चित्र उजळवू शकते, आणि ती डॉक्टरांना माहीत नसेल तर चुकीचा अर्थ निघू शकतो. जुने सगळे कागद बरोबर न्यावेत.

तपासणी झाल्यावर भरपूर पाणी प्यावे. त्या दिवसापुरते तान्ह्या मुलांना मांडीवर घेऊ नये आणि गरोदर बाईच्या फार जवळ बसू नये. दुसऱ्या दिवशी ते औषध नावापुरतेही उरत नाही. चिंचोक्यांचा हिशेब आपल्याला ठाऊकच आहे. रुग्णाची ताटवाटी वेगळी करण्याचे, त्याला पडवीत निजवण्याचे काही कारण नाही. कर्करोग शिवण्याने होत नाही आणि ही तपासणीही कोणाला बाधत नाही.

आणि अहवाल वाटेत वाचू नये. वाचलाच, तर त्यावरून जमीन विकायला काढू नये.

काकू परवा पुन्हा ओट्यावर आल्या होत्या. गावातल्या दुसऱ्या एका बाईंना त्या समजावून सांगत होत्या. “अगं, पेट म्हंजी पोट न्हवं. कोन किती साखर खातंय ते बघत्यात. पर खानारा चोर हाय का राखनदार, ते सुई लावल्याबिगर कळत न्हाई.” मी शाळेत इतकी वर्षे शिकवले, पण एवढ्या थोड्या शब्दांत मला काही ते सांगता आले नसते.